आधी भाकर, मग आज्ञा

शास्त्रभाग : १ राजे १९:१–८



कर्मेल डोंगरावर धैर्याने उभा राहिलेला एलीया पुढच्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. त्याचा विश्वास ढळला होता काय? आम्हांला वाटते, तो थकून गेला होता. देवाने त्याला दोष दिला नाही. देवदूताने त्याला भाकर व पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून जेवू घातले. होरेबवरचे बोलणे व नवे काम त्यानंतरचे.

आज आपल्या देशातील मोठ्या रुग्णालयांतले कित्येक तरुण निवासी डॉक्टर याच झुडपाखाली बसले आहेत. त्यांची सलग ड्यूटी सामान्यतः दिवसाला १२ तासांहून अधिक नसावी व आठवड्याला एक सुटी असावी, असे केंद्र शासनाने १९९२ सालीच ठरविले होते. तरी सलग ३६ तासांची ड्यूटी आजही अनेकांच्या वाट्याला येते. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि रोज सात-आठ तास झोप सुचविली. झोपेचीही शिफारस करावी लागते, यातच सर्व आले.

रोगी बरा होऊन घरी जातो, हे डॉक्टरांचे खरे समाधान. पण झोप नाही, वरिष्ठांची बोलणी, त्यातच रोग्याचे नातेवाईक अंगावर धावून आले, की ते समाधानही करपते. अशा वेळी आपण म्हणतो, “ही तर सेवा आहे!” मिरजेला १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी रुग्णालय सुरू केले, ती परंपरा आपलीच. म्हणून हा शब्द आपल्याला प्रिय. परंतु थकलेल्याच्या मानेवर तो जू होऊन बसतो. मोशेही सेवाच करीत होता. तरी इथ्रोने त्याला भार वाटून द्यावयास सांगितले (निर्गम १८).

मग आपण काय करावे? मंडळीतला डॉक्टर मुलगा किंवा मुलगी महिन्याने उपासनेस आली, तर दारातच आपले रिपोर्ट पुढे करू नयेत. जेवायला बोलवावे, डबा पाठवावा, ऐकून घ्यावे. “तुझी प्रार्थना कमी पडते,” असे म्हणू नये. मन फार खचलेले दिसले, तर मनोविकारतज्ज्ञाकडे सोबत जावे. शासनाची टेलि-मानस सेवाही १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते. आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांना कर्मेलाबरोबर रतामाचे झुडूपही शिकवावे.

देवदूताने त्या दिवशी भाकर दिली व झोपलेल्याला हळूच उठविले. इतके तर आपल्यालाही करता येईल. प्रभू आपणांस तशी बुद्धी देवो. आमेन.