न विचारलेला दोष

विकणाऱ्याला वस्तूतील दोष ठाऊक आहे, घेणाऱ्याला तो ठाऊक नाही आणि त्याने त्याविषयी विचारलेलेही नाही. अशा वेळी तो दोष आपण होऊन सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य ठरते काय, हा नीतिशास्त्रातील फार जुना प्रश्न आहे. खोटे बोलू नये याविषयी बहुतेक सर्व धर्मपरंपरांचे एकमत आहे. मतभेद आहे तो मौनाविषयी. परक्या देशात मोजक्या पैशांत जुनी मोटारगाडी विकत घेणे हा व्यवहार असा आहे की त्यात या मतभेदाची धार प्रत्यक्ष माणसाला लागते. अमेरिकेत शिकायला किंवा पहिल्या नोकरीसाठी गेलेल्या माणसाला, न्यूयॉर्कसारखी काही शहरे सोडली तर, गाडीवाचून किराणा आणणेही अवघड होते; त्यामुळे ही खरेदी हौसेची नसून गरजेची असते, आणि तिच्यासाठी बाजूला काढलेले तीन-चार हजार डॉलर हे बहुधा काटकसरीतून साठवलेले किंवा कर्जातून आलेले असतात. नीट पारखून घ्यावे, हा सल्ला अशा माणसाला सगळेच देतात. परंतु पारखण्यालाही ऐपत लागते, हे त्या सल्ल्यात धरलेले नसते.

या प्रश्नाची सर्वांत नेटकी मांडणी रोमन वक्ता आणि तत्त्वचिंतक सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या 'डी ऑफिसिस', म्हणजे 'कर्तव्यांविषयी', या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात आढळते. हा ग्रंथ त्याने घरापासून दूर अथेन्समध्ये शिकत असलेल्या आपल्या मुलाला उद्देशून लिहिला होता, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला असता एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन येतो. आपल्या मागून धान्याने भरलेली आणखी जहाजे येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने ऱ्होड्सच्या लोकांना सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? दुसरे उदाहरण घराचे आहे: घर रोगट आहे, खोल्यांतून साप निघतात, लाकूड कुजलेले आहे, आणि हे मालकाखेरीज कोणालाच माहीत नाही. या दोन्ही प्रसंगी स्टोइक पंथाच्या, म्हणजे सद्गुण हेच एकमेव श्रेय मानणाऱ्या ग्रीक परंपरेच्या, दोन आचार्यांचा वाद सिसेरोने मांडला आहे. बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो की, कायद्याने जितके सांगणे भाग आहे तितके सांगावे, बाकी फसवणूक न करता विकावे. गप्प राहणे म्हणजे लपवणे नव्हे, आणि घेणाऱ्यावर कोणी बळजबरी केलेली नसते. त्याचाच शिष्य अँटिपाटर उलट म्हणतो की, विकणाऱ्याला जे ठाऊक आहे त्यातले काहीही घेणाऱ्यापासून दडून राहता कामा नये, कारण माणसे एका समाजाची घटक आहेत आणि एकाचे हित दुसऱ्याच्या अज्ञानावर उभे राहू शकत नाही. सिसेरो शिष्याच्या बाजूने निर्णय देतो. प्रत्येक मौन म्हणजे लपवणे नव्हे हे त्याला मान्य आहे. परंतु ज्याला ती माहिती असणे आवश्यक आहे तो आपल्या लाभासाठी अज्ञानात राहावा, अशी इच्छा जिथे मौनामागे असते, तिथे ते लपवणेच होय, असे तो म्हणतो. निकष शब्दांचा न राहता हेतूचा झाला, हे त्याचे खरे योगदान आहे.

डायोजिनीसची भूमिका इतिहासजमा झालेली नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९८१ मध्ये जुन्या गाड्यांच्या विक्रीविषयी जो नियम केला त्यात, विक्रेत्याला ठाऊक असलेले मोठे दोष त्याने गाडीला लावलेल्या पत्रकावर लिहावेत, अशी तरतूद होती; अमेरिकन काँग्रेसने १९८२ मध्ये तो नियमच नामंजूर केला. काँग्रेसचा नामंजुरीचा हा अधिकार पुढे न्यायालयात टिकला नाही, तरी १९८५ मध्ये प्रत्यक्ष अमलात आलेल्या नियमातून ज्ञात दोषांची ती तरतूद गळालेली होती. आज व्यावसायिक विक्रेत्याला, म्हणजे डीलरला, गाडीच्या काचेवर एक पत्रक लावावे लागते आणि त्यात गाडीला हमी आहे की ती 'अ‍ॅज इज', म्हणजे आहे त्या स्थितीत, विकली जात आहे, एवढे सांगावे लागते. वर्तमानपत्रातली जाहिरात किंवा ओळखीपाळखी यांतून गाडी विकणाऱ्या खाजगी मालकाला तेही बंधन नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याचा कायदा याला ठळक अपवाद आहे: तिथे खाजगी विक्रेत्यालासुद्धा, गाडीच्या सुरक्षिततेला किंवा वापराला मोठी बाधा आणणारे, आपल्याला ठाऊक असलेले दोष सांगावेच लागतात. अँटिपाटर आणि डायोजिनीस यांच्या वादाचा निकाल एकाच देशात राज्याची सीमा ओलांडताच बदलतो, असा याचा अर्थ होतो.

डायोजिनीसच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत वजनदार युक्तिवाद असा की, घेणाऱ्याला डोळे आहेत आणि गाडी त्याच्यासमोर उभी आहे. हा युक्तिवाद तपासायचा तर गाडीजवळ जाऊन उभे राहिले पाहिजे. जाणकार माणूस इंजिन थंड असतानाच पोहोचतो, कारण आधीच चालवून गरम केलेले इंजिन पहिल्या स्टार्टची कुरकूर दाबून टाकते; तो इंजिन ऑइलचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला दुधाळ, सायीसारखा थर आहे का ते पाहतो, कारण तसा थर असेल तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असण्याची, म्हणजे हेड गॅस्केट गेलेले असण्याची, शक्यता असते. मीटर साठ हजार मैल दाखवत असेल आणि ब्रेकच्या पॅडलचे रबर मात्र झिजून गुळगुळीत झालेले, एका कडेला आतले लोखंड उघडे पडलेले असेल, तर मीटर मागे फिरवल्याचा संशय त्याला येतो. गालिचाची कड उचलून तो खालचा भाग हाताने चाचपतो, कारण पुरात बुडालेली गाडी वरून कितीही धुतली तरी ओल आणि बारीक गाळ तिथे राहतो. ज्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, तिथल्या गाडीचा रंग चकचकीत असूनही खालचा सांगाडा गंजाने पोखरलेला असू शकतो, आणि तो गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय धड दिसत नाही. गाडी चढवून पाहणारा मेकॅनिक शंभर-दोनशे डॉलर घेतो. तीन हजारांची पुंजी असलेल्या माणसाने तीन गाड्या तपासून घेतल्या तर पुंजीचा दहावा हिस्सा, किंवा त्याहूनही अधिक, केवळ नकार देण्यात संपतो. ज्याच्यापाशी पैसा आहे तो हमी असलेली गाडी घेतो आणि त्याला परीक्षेची गरजच उरत नाही. 'डोळे उघडे ठेवावेत' हा नियम ज्याला सर्वाधिक लागू केला जातो, त्याच्याकडेच ते डोळे विकत घेण्याचे साधन नसते. आणि विकणाऱ्याला मात्र ते ज्ञान एका पैशाचाही खर्च न करता रोजच्या वापरातून मिळालेले असते.

धर्मशास्त्राने ही विषमता ओळखली होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दोषयुक्त किंवा झाकून ठेवलेली वस्तू विकू नये असे सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात 'क्रीतानुशय', म्हणजे विकत घेतल्यानंतर होणारा पश्चात्ताप, या नावाचे स्वतंत्र प्रकरणच असून त्यात निरनिराळ्या वस्तूंच्या परीक्षेसाठी निरनिराळे दिवस ठरवून दिले आहेत: बियाण्याला दहा, लोखंडाला एक, रत्नाला सात, दुभत्या जनावराला तीन आणि 'वाह्य', म्हणजे ओझे वाहणाऱ्या जनावराला, पाच. याच परीक्षाकाळाच्या यादीत दास-दासींचाही समावेश आहे, आणि तो वाचताना या शास्त्राच्या न्यायबुद्धीची मर्यादाही ध्यानात येते. तरीही या नियमातील एक जाण मोलाची आहे. वस्तूचा दोष पाहण्याने नव्हे तर वापरण्याने कळतो, म्हणून काळ हाच घेणाऱ्याचा परीक्षक मानला गेला. महाराष्ट्रातल्या बैलबाजारात बैलाचे दात पाहून वय कळते, चालवून लंगडा आहे की नाही ते कळते. पण औताला जुंपल्यावर तो मध्येच बसतो का, हे शेतात नेल्याशिवाय कळत नाही, आणि रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवणाऱ्या दलालाला ते पुष्कळदा ठाऊक असते. अमेरिकेत डीलरकडून घेतलेली गाडी ठरावीक दिवसांत परत करण्याचा सार्वत्रिक हक्क संघराज्याच्या कायद्यात नाही. याज्ञवल्क्याने बैलासाठी दिलेले पाच दिवस तिथल्या गाडीला बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत.

महाभारताच्या शांतिपर्वातील तुलाधाराचे आख्यान या प्रश्नाला निराळी खोली देते. जाजली नावाच्या तपस्व्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले, तरी तो हलला नाही, आणि या तपाचा त्याला गर्व झाला. तेव्हा वाराणसीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडून धर्म शिकण्यासाठी त्याला जावे लागले. आपला तराजू सर्व प्राणिमात्रांविषयी सारखा आहे, असे तुलाधार त्याला सांगतो. या समतेचा अर्थ सामान्यतः वजनमाप खरे ठेवणे किंवा रागद्वेषरहित असणे असा लावला जातो. परंतु ज्या तराजूच्या एका पारड्यात वस्तूसोबत तिचे संपूर्ण ज्ञान आहे आणि दुसऱ्या पारड्यात केवळ पैसा आहे, तो तराजू काटा मध्ये स्थिर असूनही सारखा म्हणता येईल काय, हा प्रश्न त्या आख्यानातून सरळ निघतो. इस्लामी परंपरेतील एका प्रसिद्ध हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचन-आचरणाच्या नोंदीत, प्रेषित बाजारातल्या धान्याच्या राशीत हात घालतात आणि आतले धान्य ओले लागते. ते वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे ते विक्रेत्याला विचारतात. विक्रेता एक शब्दही खोटे बोललेला नव्हता. दोष होता तो राशीच्या रचनेत.

तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याने या चर्चेत दोन उपयुक्त भेद केले. एक डोळा गेलेला घोडा समोर उभा असेल आणि त्याप्रमाणे किंमत उतरवलेली असेल, तर विकणाऱ्याने तोंडाने सांगण्याची गरज नाही, कारण दोष उघड आहे. परंतु दोष गुप्त असून त्यातून धोका किंवा नुकसान होण्याजोगे असेल, तर सांगणे बंधनकारक आहे. सिसेरोच्या धान्याच्या उदाहरणात मात्र, पुढे भाव पडणार आहे हे न सांगणारा व्यापारी न्यायाचा भंग करत नाही, सांगितल्यास ते अधिक सद्गुणाचे ठरेल, असे तो म्हणतो. या भेदांमुळे कर्तव्य आवाक्यात येते. दारावरचा ओरखडा, बंद पडलेला रेडिओ हे घेणाऱ्याला दिसते. पुढच्या महिन्यात अशाच गाड्या स्वस्त होणार आहेत हे सांगायला कोणी बांधलेला नाही. पण ब्रेकची गंजलेली नळी किंवा अपघातात वाकून पुन्हा सरळ केलेली चेसिस ही धोक्याच्या कोटीतली आहे. तिथे 'आहे त्या स्थितीत' या शब्दांचा आधार पूर्णपणे तुटतो, कारण त्या कागदावर फार तर घेणाऱ्याने सही केलेली असते; मागच्या सीटवर बसून किराणा आणायला निघालेल्या त्याच्या मित्राने आणि रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी बाईने ती केलेली नसते.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक निबंध लिहिला आणि त्या दिशेच्या कार्यासाठी त्याला २००१ मध्ये आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. चांगली गाडी आणि सदोष गाडी, जिला तिकडे 'लेमन' म्हणतात, यांतला फरक घेणाऱ्याला ओळखता येत नसेल तर तो दोन्हींना मधलाच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात सदोष गाड्यांचे प्रमाण वाढत जाते, असे त्याचे प्रतिपादन आहे. मौनाची किंमत तिसऱ्याच प्रामाणिक माणसाला मोजावी लागते, हे त्यातून दिसते. हे महत्त्वाचे आहेच; मात्र बाजार सुरळीत चालत असता तरी मौनाचा दोष कमी झाला नसता.

या सर्व चर्चेत सर्वांत अवघड जागा वेगळीच आहे. परदेशातला तंगीत असलेला ग्राहक कायम ग्राहक राहत नाही. दोन वर्षांनी शिक्षण संपते, नोकरी दुसऱ्या राज्यात मिळते किंवा परतीचे तिकीट निघते, आणि तीच गाडी, आता आणखी वीस हजार मैल चाललेली, मे महिन्याच्या अखेरीस चार दिवसांत विकायची असते. घेणारा पुष्कळदा नुकताच येऊन पोहोचलेला, कदाचित आपल्याच भाषेतला, असतो. ज्याला दोन वर्षांपूर्वी सत्य हवे होते त्याला आता सत्य पाचशे डॉलरला पडते, आणि ते पाचशे डॉलर त्याच्या भाड्याचे असतात. गरिबीमुळे विकणाऱ्याचे कर्तव्य सौम्य होते, असे येथे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्याच्या गरिबीला दिलेली सूट त्याच्याहून गरीब माणसाच्या खिशातूनच वसूल होणार असते. म्हणून ती सूट मान्य करता येत नाही, आणि हे म्हणताना त्याच्या अडचणीविषयीची सहानुभूती कमी होण्याचेही कारण नाही.

मालकी हस्तांतरित करताना अमेरिकेत 'टायटल' नावाचा कागद द्यावा लागतो आणि त्यावर विकणाऱ्याने मीटरवरचा आकडा लिहून सही करायची असते. कित्येक वर्षे दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना यातून सूट होती, म्हणजे कमी पैशांचे लोक ज्या गाड्या घेतात नेमक्या त्यांनाच. २०११ आणि त्यानंतरच्या मॉडेलांसाठी ही मुदत आता वीस वर्षांची केली आहे. मैलांच्या आकड्यासाठी त्या कागदावर रकाना आहे. थंडीत दुसऱ्या गिअरला येणाऱ्या आवाजासाठी नाही. तो आवाज ठाऊक असलेला माणूस किल्ली हातात धरून उभा असतो आणि घेणाऱ्याने अजून काहीच विचारलेले नसते.