सदतीस सेकंदांचा अभ्यासक्रम

जागतिक दिव्यांग दिनाला, म्हणजे ३ डिसेंबरला, कितीतरी शाळांतून एखाद्या दिव्यांग खेळाडूची गोष्ट सांगितली जाते. 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा २०२४ मध्ये आल्यापासून त्यात मुरलीकांत पेटकरांचं नाव हमखास असतं. फौजी, मुष्टियोद्धा, युद्धात गोळ्या लागल्या, तरीही सुवर्णपदक. टाळ्या होतात, जिद्दीबद्दलचं एक वाक्य फळ्यावर येतं आणि दुसऱ्या दिवशी गणिताचा तास मागच्या पानावरून पुढे सुरू होतो.

मला हे फार वाया घालवल्यासारखं वाटतं. ही गोष्ट भाषणाच्या दिवशी नव्हे, गणिताच्या, विज्ञानाच्या, इतिहासाच्या तासाला उघडली पाहिजे. तपशिलात शिरल्याशिवाय या माणसाने नेमकं काय केलं ते कळत नाही. आणि ते कळलं नाही तर उरते ती कीव, वरून कौतुकाचं वेष्टण चढवलेली.

पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लष्कराच्या ईएमई या, यंत्रांची देखभाल करणाऱ्या विभागात जवान. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कंबरेखालचं शरीर लुळं पडलं. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथल्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पार केलं. तो त्यांच्या गटातला विश्वविक्रम होता, आणि भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. ऑलिम्पिकमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण, अभिनव बिंद्राचं, त्यानंतर ३६ वर्षांनी आलं.

३७.३३ हा आकडा नुसता वाचला तर काहीच सांगत नाही. म्हणून लासूर स्टेशन या गावातल्या मैदानावर आम्ही फक्कीने ५० मीटरची पट्टी आखली आणि मोबाइलवरचं घड्याळ लावून सातवीची मुलं चालायला सोडली. रमतगमत निघालेली मागे पडली, झपाझप चालणारी सदतिसाच्या आसपास पोचली. भागाकार केला: सेकंदाला १.३४ मीटर, ताशी साधारण ४.८ किलोमीटर. रस्त्याने नेहमीच्या चालीने चालणाऱ्या मोठ्या माणसाचा हा वेग.

"सर, एवढंच?" एका मुलाने विचारलंच. अगदी योग्य प्रश्न होता.

उत्तर मी दिलं नाही. ते वस्तीवरून येणाऱ्या पोरांनी दिलं. आपल्याकडची पोरं शेततळ्यात किंवा विहिरीत, पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून पोहायला शिकतात. उत्प्लावक बल हा शब्द त्यांना माहीत नसतो, पण डबा का तारतो हे त्यांच्या अंगाला माहीत असतं. त्यांतला एक म्हणाला, पाय मारले नाहीत तर बूड खाली जातं आणि मग हात कितीही मारा, माणूस पुढे सरकत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात जे परिच्छेदभर लिहिलेलं असतं ते या एका वाक्यात आलं. पाय खाली गेले की शरीर तिरकं होतं, पाण्यासमोर येणारा त्याचा भाग वाढतो, पाण्याचा रोध वाढतो. पेटकरांना पाय मारता येत नव्हते. बुडू पाहणारा अर्धा देह नुसत्या खांद्यांच्या बळावर ओढत त्यांनी तो वेग गाठला होता.

मग मी फळ्यावर दुसरा आकडा लिहिला. पेटकरांच्या शर्यतीनंतर महिनाभरातच म्युनिक ऑलिम्पिकमध्ये मार्क स्पिट्झने १०० मीटर फ्रीस्टाइल ५१.२२ सेकंदांत जिंकलं, म्हणजे सेकंदाला १.९५ मीटर. चारही अवयव वापरणाऱ्या जगातल्या सर्वांत वेगवान माणसाच्या वेगाच्या दोनतृतीयांशाहून अधिक वेग पेटकरांनी दोन हातांवर काढला. अंतर वेगळं, त्यामुळे तुलना काटेकोर नाही, आणि हेही एका मुलीनेच दाखवून दिलं. टक्केवारी आणि तुलनेच्या मर्यादा एकाच तासात, तेही मुलांच्या तोंडून!

इतिहास-भूगोलात तर ही गोष्ट दूरवर घेऊन जाते. ऑलिम्पिक म्युनिकला आणि पॅरालिम्पिक हायडेलबर्गला, असं का? कारण म्युनिकमधली खेळाडूंची घरं स्पर्धेनंतर खासगी सदनिका म्हणून द्यायचं ठरलं होतं. दिव्यांग खेळाडूंसाठी ती राहिली नाहीत. पॅरालिम्पिक खेळांची सुरुवात करणारे डॉ. लुडविग गुटमान मूळचे जर्मन ज्यू. १९३९ मध्ये नाझी राजवटीतून निसटून ते इंग्लंडला गेले. तिथे स्टोक मॅन्डेव्हिलच्या रुग्णालयात मणक्याला इजा झालेले सैनिक त्यांच्या हाताखाली आले. अशा रुग्णांना तेव्हा अंथरुणात पाठीला फोड होऊन आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने मरण यायचं. गुटमानांनी त्यांना वेळोवेळी कुशीवर वळवलं, उठवलं, खेळायला लावलं. लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, २९ जुलै १९४८ ला, त्यांनी १६ जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. त्यातून १९६० मध्ये रोमला पॅरालिम्पिक उभं राहिलं आणि १९७२ ला ते खेळ गुटमानांच्या जन्मदेशात भरले. दुसरं महायुद्ध, निर्वासित, मज्जारज्जू, मूत्रपिंड: चार पुस्तकांतले चार धडे एका माणसाच्या आयुष्यात गुंफलेले आहेत.

नागरिकशास्त्र मात्र बोचतं. पदक १९७२ चं, पद्मश्री २०१८ ची. मधली वजाबाकी ४६ वर्षांची. अर्जुन पुरस्कार त्यांच्या हातात पडला तो जानेवारी २०२५ मध्ये. दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले आणि सर्वसमावेशक शिक्षण ही सरकारी शाळांची जबाबदारी ठरली. मुलांना विचारलं की या ४६ वर्षांत नक्की काय बदललं, की ती आपसूक कायद्याकडे येतात.

एक धोका आहे, तो लपवून चालणार नाही. वर्गात कुबडी घेऊन येणारी एखादी मुलगी असेल आणि तिच्याकडे बघत 'बघा, पेटकरांनी करून दाखवलं' असं म्हटलं, तर त्या मुलीवर आपण अन्याय करतो. तिने पदक आणायचं काही कर्ज घेतलेलं नाही. म्हणूनच तपशील हवेत. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताचा ध्वज धरणाऱ्या दोघांपैकी एक होती भाग्यश्री जाधव, नांदेड जिल्ह्यातली. ती बसून गोळा फेकते. बसून फेकताना पायांचा रेटा मिळत नाही, तर बळ कुठून येतं? हा प्रश्न विचारला की वर्ग तिच्या कौशल्याकडे बघतो, व्यंगाकडे नाही.

अभ्यासक्रम पुरा व्हायला हवा, तास पस्तीस मिनिटांचा, असं शिक्षक म्हणतील, आणि त्यांची अडचण खरी आहे. पण जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत एकच बाई भाषाही शिकवतात आणि गणितही. विषयांच्या भिंती तिथे आधीच नाहीत. मोठ्या शाळांना जे मुद्दाम जमवावं लागेल ते या शाळांना उद्यापासून करता येईल.

आमच्या मुलांनी पुढे आपणहून तालुक्यातल्या एका शाळेचा उतार मोजला. जोतं दोन फूट उंच, उताराची लांबी दहा फूट. चाकाच्या खुर्चीसाठीचं प्रमाण एकास बारा, म्हणजे चोवीस फूट हवेत. एकास पाचच्या त्या चढावर खुर्ची स्वतः रेटून नेणं जवळपास अशक्य, आणि उतरताना ती हाताबाहेर जायची. कागदोपत्री मात्र त्या शाळेत उतार 'आहे'. मुलांनी आकृती काढली, मापं लिहिली आणि मराठीच्या तासाला अर्जाचा मसुदा केला. गुणोत्तर-प्रमाणाचं याहून चांगलं उदाहरण मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

दिवाळीची सुटी संपून आपली मुलं शाळेत जातील तेव्हा पालकांनी एकदा मोजपट्टी घेऊन त्यांच्याबरोबर जावं. उताराच्या लांबीला जोत्याच्या उंचीने भागावं. उत्तर बारापेक्षा कमी आलं, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत तो आकडा मांडावा, आणि मांडायला मुलांनाच उभं करावं.