न मोडणाऱ्या चिलखताचा लोहार

ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन खेळात रूनाइट धातूचे छातीचे चिलखत घडवावयाचे असेल तर लोहारकामातील ९९ वी, म्हणजे अगदी अखेरची पायरी गाठावी लागते. आणि तेच चिलखत अंगात घालण्यास मात्र संरक्षणकलेची ४० वी पायरी व एका ड्रॅगनचा वध एवढे पुरेसे होते. ९९ वी पायरी म्हणजे १,३०,३४,४३१ अनुभवगुणांचा संचय, आणि या संचयाची निम्मी मजल ९२ व्या पायरीशी पुरी होते, म्हणजे उरलेल्या सात पायऱ्यांसाठी आधीच्या सर्व पायऱ्यांइतकेच श्रम पुन्हा करावे लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या व्यवस्थेतील विसंगती अधिकच डोळ्यांत भरते. जो माल मधल्या प्रतीच्या शिपायाने वापरावयाचा, तो घडविण्यासाठी कारागिराने खेळातील आपले अवघे आयुष्य वेचावे, असा हा दंडक आहे. माझा भाचा हा दंडक गेली तीन वर्षे निमूटपणे पाळीत आहे. आणि ज्याची हयात जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात गेली असा मी, त्याच्या पाठीमागे खुर्ची टाकून, मुकाट्याने पाहत आलो आहे.

या खेळांतील कारागिरीची, म्हणजे खेळणारे जिला क्राफ्टिंग म्हणतात तिची, घडण बहुतेक सर्वत्र एकाच साच्याची असते. खाणीतून खनिज, रानातून वनस्पती, मारलेल्या जनावराचे कातडे मिळवावयाचे. ते भट्टीत, मागावर किंवा खलात घालून त्याचा पक्का माल करावयाचा. त्या मालातून तलवार, झगा वा औषधी अर्क सिद्ध करावयाचा. आणि प्रत्येक वस्तूगणिक खात्यावर थोडा अनुभव जमा होऊन पुढची, अधिक अवघड कृती खुली व्हावयाची. २००४ साली निघालेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये कृतीचे नाव आधी नारिंगी, मग पिवळे, मग हिरवे आणि शेवटी करडे होते. करडे झाले की त्या कृतीपासून शिकण्यासारखे काही उरले नाही असे समजावयाचे. मग त्या प्रकारचे पट्टे शेकड्यांनी शिवले तरी विद्येत तिळमात्र भर पडत नाही.

"मामा, हे रूनाइट मी स्वतः खणलंय, म्हणजे फुकटच पडलं की," असे भाचा एकदा मोठ्या समाधानाने म्हणाला, आणि माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. एका चिलखतास पाच लगडी लागतात. एका लगडीस रूनाइटचे एक ढेकूळ आणि आठ कोळसे. म्हणजे एका चिलखताच्या पोटी पाच ढेकळे व चाळीस कोळसे जातात. हा कच्चा माल तसाच बाजारात, म्हणजे ग्रँड एक्स्चेंज नामक त्यांच्या पेठेत, विकला असता तर तयार चिलखताहून बहुधा अधिक नाणी पदरात पडली असती. जे विकता आले असते ते जाळून टाकले, आणि ते स्वतः खणलेले होते म्हणून त्याची किंमत शून्य धरली, यास हिशेब म्हणता येत नाही. आपल्याकडील शेतकरीही घरच्या माणसांची मजुरी खर्चात न धरता पीक नफ्यात गेल्याचे सांगतो. परंतु त्याच्यापुढे दुसरा मार्ग क्वचितच असतो, भाच्यापुढे तो एका कळीच्या अंतरावर होता.

तयार माल कच्च्या मालाहून स्वस्त व्हावा हा चमत्कार घडतो कसा, याचा उलगडा होण्यास मला काही दिवस लागले. खनिज विकत घेणाऱ्या सहस्रावधी लोकांना चिलखत नकोच असते. त्यांना हवा असतो तो चिलखत घडविताना मिळणारा अनुभव, आणि चिलखत हा त्या व्यवहारात उरलेला भुसा होय. शिवाय तीच आयुधे व चिलखते राक्षसांना मारूनही हाती लागतात, म्हणजे कारागिराची स्पर्धा कारागिराशी नसून राक्षसाच्या पोतडीशी आहे. अशा अवस्थेत चिलखताचा भाव अगदीच मातीमोल का होत नाही, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर तितकेच विलक्षण आहे: जादूविद्येची ५५ वी पायरी गाठलेल्या पात्रास कोणत्याही चिलखताची नाणी करून टाकण्याचा मंत्र येतो, आणि या चिलखताची त्या मंत्राने ३९,००० नाणी होतात, म्हणून भाव त्या आकड्याच्या आसपास रेंगाळतो. लोहाराचे खरे गिऱ्हाईक शिपाई नव्हे, तर त्याचा माल वितळवून नष्ट करणारा जादूगार आहे. रूनस्केपच्या मुख्य आवृत्तीत २०१९ साली रूनाइटचे काम ५० व्या पायरीवर आणून ही विसंगती बरीचशी दूर करण्यात आली. जुन्या आवृत्तीतील भाविकांनी मात्र ती जपून ठेवली आहे.

या जादूगाराच्या ठायी मला सर्व प्रश्नाचे मर्म दिसते. गावगाड्यात लोहाराचे बलुते दरसाल चालू राहिले ते त्याच्या हातातील कौशल्याकरिता नव्हे, तर नांगराचा फाळ झिजत असे, विळ्याची धार बोथट होत असे, आणि गावाला त्याच्या भात्यापुढे पुन्हा पुन्हा यावे लागत असे म्हणून. एकदा घेतलेला फाळ पिढ्यान्‌पिढ्या अक्षय राहता तर पहिल्या हंगामानंतर लोहाराचे खळ्यावर कोणी स्वागत केले नसते. जेथे वस्तू मोडत नाही तेथे वस्तू करणाऱ्यास मान नाही. आणि ऑनलाइन खेळांची मोठी संख्या अशी आहे की तेथे वस्तू मोडत नाही, कारण खेळणाऱ्यास आपली तलवार गमावणे आवडत नाही आणि खेळ चालविणाऱ्यास खेळणारा गमावणे आवडत नाही. १९९७ सालच्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये द्रव्याचे चक्र बंदिस्त ठेवण्याचा उद्योग प्रथम झाला: वापरलेले लोखंड वस्तू नष्ट झाल्यावरच पुन्हा भूमीत उपजावे, अशी ती योजना होती. लोकांनी सदरे आणि तलवारी घरोघरी कोठारांत रचून ठेवल्या, सृष्टी कंगाल झाली, आणि ती योजना गुंडाळून ठेवावी लागली.

जून २००३ मध्ये सुरू झालेल्या स्टार वॉर्स गॅलक्सीजने मात्र कारागिरास जे स्थान दिले ते मला आजही अद्वितीय वाटते. तेथे लोखंड म्हणजे केवळ लोखंड नव्हते. प्रत्येक धातूची वाहकता, घडणसुलभता, उष्णता सोसण्याची शक्ती यांस हजारापर्यंतचे गुण असत, असा एखादा उत्तम वाण एखाद्या ग्रहावर काही दिवस सापडे आणि मग नाहीसा होई, तो तसाच्या तसा पुन्हा न येण्यासाठी. ज्याने त्या दिवसांत यंत्रे लावून साठा केला, त्याच्या बंदुकीस दुसऱ्या कोणाची सर येत नसे. वस्तूवर घडविणाऱ्याचे नाव कोरलेले असे. आणि मुख्य गोष्ट अशी की ती वस्तू वापराने झिजे, दुरुस्त केली तरी पूर्वीइतकी टिकत नसे. त्यामुळे लोक कारागिराचे नाव पत्ता विचारल्याप्रमाणे विचारीत, त्याच्या दुकानी दूरच्या ग्रहावरून येत, आणि एकदाही शस्त्र न चालविता माणूस त्या विश्वात प्रतिष्ठित होऊ शके. नोव्हेंबर २००५ मध्ये चालकांनी एका फर्मानासरशी व्यवसायांची संख्या ३४ वरून ९ वर आणली. हेतू नवख्यांना आकर्षिण्याचा होता. फळ असे मिळाले की जुने निघून गेले आणि नवे म्हणावे तसे आले नाहीत. १५ डिसेंबर २०११ रोजी तो खेळ कायमचा बंद झाला.

त्याच २००३ सालचा, आइसलंडमधील सीसीपी कंपनीचा ईव्ह ऑनलाइन हा खेळ अद्याप चालू आहे, आणि तो याच तत्त्वाच्या अधिक निर्दय रूपावर उभा आहे. तेथील बहुतेक सर्व जहाजे खेळणारेच बांधतात. आराखडा विकत घ्यावयाचा, त्यावर संशोधन करून लागणाऱ्या द्रव्यात शेकडा १० पर्यंत बचत साधावयाची, कारखान्याची फी, दलाली आणि जकात वजा जाता जे उरेल तो नफा. युद्धात बुडालेले जहाज परत मिळत नाही. २७ व २८ जानेवारी २०१४ रोजी बी-आर५आरबी या तारकामंडळात झालेल्या संग्रामात टायटन जातीच्या ७५ महानौका नष्ट झाल्या, आणि यांतील प्रत्येक नौका कोणीतरी महिनोन्‌महिने द्रव्य जमवून बांधलेली होती. हळहळ योद्ध्यांनी करावी; जहाज बांधणाऱ्यास तो सुगीचा दिवस. या बाजाराचे दप्तर पाहण्यासाठी कंपनीने २००७ साली एक अर्थशास्त्रज्ञ पगारी नेमला होता, यात मला यत्किंचितही अतिशयोक्ती वाटत नाही. गमतीची गोष्ट अशी की "मी खणलेले खनिज फुकट" ही भाच्याची समजूत तेथेही इतकी प्रचलित आहे की जुने व्यापारी तिची थट्टा करून नवख्यांचे कान उपटतात.

माझ्या भाच्याचे म्हणणे असे की मी नफ्यापलीकडे पाहत नाही. ते सर्वस्वी खोटे नाही. फायनल फँटसी १४ मध्ये सुतारापासून आचाऱ्यापर्यंत आठ कारागिरांचे वर्ग आहेत, आणि वस्तूची टिकाऊ शक्ती संपण्यापूर्वी तिची प्रगती पुरी करून वर दर्जाही साधावयाचा, हे त्यांचे काम बुद्धिबळातील लहानशा कोड्यासारखे रंजक आहे. ज्यास कोडे सुटल्याचे सुख पुरेसे आहे त्यास भाव विचारण्याचे कारण नाही. परंतु पायरी चढण्यासाठी तीच लगड लक्षवेळा भट्टीत घालण्यात कोणते कोडे सुटते हे मला अद्याप कोणी दाखविलेले नाही. ती बेगार आहे, आणि स्वखुशीने पत्करलेली असल्यामुळे तिचे स्वरूप बदलत नाही.

तेव्हा जो नवखा वाचक अशा खेळात कारागीर होऊ पाहत असेल, त्याने आधी एवढेच विचारावे की येथे मोडते काय आणि संपते काय. जहाजे बुडत असतील तर खुशाल जहाजे बांधावीत. काहीच मोडत नसेल तर स्वयंपाक व अर्क शिकावेत, कारण मोठ्या लढाईपूर्वी घेतलेले जेवण आणि प्यायलेली कुपी दुसऱ्या दिवशी पुन्हा विकत घ्यावी लागते. आणि खाणीत उतरलाच असेल, तर खणलेले खनिज खनिज म्हणूनच विकावे.