दान आणि देणे

'देणे' हा मराठीतील एक दुहेरी शब्द आहे. क्रियापद म्हणून तो औदार्य सुचवितो, नाम म्हणून कर्ज. सार्वजनिक रुग्णालयासंबंधीचा नैतिक प्रश्न या दोन अर्थांच्या मध्येच उभा आहे. गरीब रुग्णाला तेथे उपचार मिळतो, तो समाजाने केलेले दान म्हणून, की समाज त्याचे देणे लागतो म्हणून?

चेन्नईतील मध्यवर्ती रेल्वेस्थानकासमोरच्या सरकारी रुग्णालयाचा उगम १६६४ सालचा. कंपनीच्या आजारी शिपायांसाठी ते किल्ल्यात सुरू झाले. उपचार चाकरीशी बांधलेला होता. याच तमिळ भूमीत तंजावरच्या मराठी राजांनी निराळी कल्पना जोपासली. त्यांच्या छत्रांत वाटसरू आजारी पडल्यास त्याला औषध, पथ्याचे अन्न आणि बरा होईपर्यंत आदरयुक्त शुश्रूषा मिळे, असे सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला लिहिले आहे. परंतु १७९९च्या तहाने राज्य गेले होते, आणि ही छत्रे आपल्याकडेच राहावीत म्हणून राजाला विनवणी करावी लागत होती. दात्यावरच याचक होण्याची पाळी आली! दानाची मर्यादा याहून स्पष्ट काय दिसावी?

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही भाषा बदलली. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला कलकत्त्यातील सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक परत पाठविले होते. वेळेवर उपचार नाकारणे हा जीविताच्या हक्काचाच भंग आहे आणि पैशाची चणचण ही त्यावरची सबब होऊ शकत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

तथापि, हक्क निकालपत्रात जन्मला तरी जगतो तो कोठारात. तमिळनाडूने १९९४ साली महामंडळ स्थापून सरकारी रुग्णालयांसाठी औषधांची एकत्रित खरेदी व साठवणूक सुरू केली. खिडकीवर औषध हजर असणे, ही वरकरणी रुक्ष वाटणारी व्यवस्थाच हक्काला देह देते.

हक्काच्या भाषेने करुणा आटते, असा आक्षेप घेतला जातो. मला तो खरा वाटत नाही. हक्क रुग्णाला दारातून आत आणतो. आत आल्यावर त्याच्याशी कसे बोलावे, हे मात्र कोणताही कायदा शिकवू शकत नाही. छत्रातील तो 'आदर' तेथे हवाच. फरक इतकाच की, बरा झालेला माणूस ऋणाच्या ओझ्याने वाकून नव्हे, ताठ मानेने घरी जावा.