दुसरा कान चांगला आहे, म्हणून?

एका कानाने ऐकू येईनासे झालेल्या माणसाला घरी, कचेरीत आणि कित्येकदा दवाखान्यातही एकच दिलासा मिळतो: दुसरा कान ठणठणीत आहे ना, मग कशाला काळजी करता? हा दिलासा मनापासून दिलेला असतो, पण त्याचा पायाच चुकीचा आहे. एक कान वापरायचा आणि दुसरा राखीव ठेवायचा, अशी आपली रचना नाही. दोन्ही कानांवर पडणाऱ्या ध्वनीतला फरक जोखूनच मेंदू आवाजाची दिशा ठरवतो आणि गलक्यातून हवे ते बोलणे वेगळे काढतो. एक कान गेला की ऐकणे निम्मे होत नाही; ही फरक जोखण्याची शक्तीच जाते.

डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाशी जास्तीत जास्त 0.7 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. वाटेत डोके आडवे येत असल्याने त्यातले उंच पट्टीचे स्वर 15 ते 20 डेसिबलनी मंदावतात. 'स', 'श', 'च' यांसारख्या व्यंजनांची ओळख याच उंच स्वरांवर अवलंबून असते. म्हणून बहिऱ्या बाजूला बसलेल्या माणसाचे शब्द अर्धवट कळतात, रस्त्यात हॉर्न ऐकू येतो पण तो कुठून आला ते उमगत नाही, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारच्याशी बोलणे नकोसे होते. मुलांच्या बाबतीत किंमत अधिक मोठी आहे. अमेरिकेत बेस आणि थार्प यांनी 1980 च्या दशकात अशा मुलांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मुलांना कधी ना कधी एखाद्या इयत्तेत पुन्हा बसावे लागल्याचे दिसले. ही मुले मंद नव्हती. वर्गातल्या गोंगाटात शिक्षकांचे बोलणे पकडण्यातच त्यांची ताकद खर्ची पडत होती.

अशा कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे अंतःकर्णात इलेक्ट्रोड घालून श्रवणाच्या नसेला थेट विद्युत संकेत देणारे यंत्र, बसवण्याचा विचार सुरू झाला तो मात्र ऐकू यावे म्हणून नव्हे. कान बहिरा झाला तरी त्यात अखंड शिट्टी किंवा घोंघावणे चालू राहते, आणि काहींना ते असह्य होते. बेल्जियममधील अँटवर्प येथे पॉल व्हान दे हेनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कर्णनादाने गांजलेल्या, एकाच कानाने बहिऱ्या असलेल्या रुग्णांवर इम्प्लांट केले. 2008 मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: बहुतेकांचा नाद लक्षणीय कमी झाला होता. उपाशी राहिलेल्या श्रवणमार्गाला पुन्हा ध्वनीचे संकेत मिळू लागले की मेंदूने स्वतःच उभा केलेला आवाज ओसरतो, असे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे.

मग ऐकण्याचे काय? 2011 मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्गच्या सुझान आर्न्ट यांच्या गटाने इम्प्लांटची तुलना जुन्या दोन पर्यायांशी केली. पहिला क्रॉस प्रकारचे श्रवणयंत्र, जे बहिऱ्या बाजूचा आवाज उचलून चांगल्या कानात पोहोचवते. दुसरा कवटीच्या हाडातून कंपने पाठवणारे यंत्र. दोन्हींत ऐकणारा कान शेवटी एकच राहतो. त्यामुळे बहिऱ्या बाजूचे बोलणे कळते, पण त्या बाजूचा गोंगाटही चांगल्या कानात येतो आणि दिशा कळत नाही ती नाहीच. पुढे नेदरलँड्समध्ये उट्रेख्टच्या विद्यापीठ रुग्णालयाने 120 प्रौढांना यादृच्छिक पद्धतीने गटांत विभागून चाचणी घेतली. बोलणे बहिऱ्या बाजूने आणि गोंगाट दुसऱ्या बाजूने येत असताना, आवाजाची दिशा ओळखताना आणि कर्णनादाच्या त्रासात इम्प्लांट सरस ठरले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये पाच वर्षे व त्यावरील वयाच्या रुग्णांसाठी या वापराला प्रथम मान्यता दिली.

या यशाची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. निसर्गाने अंतःकर्णात सुमारे 3,500 आंतर-केशपेशी दिल्या आहेत. इम्प्लांटचे इलेक्ट्रोड असतात 12 ते 22. त्यातून मिळणारा ध्वनी बोलणे समजण्यापुरता असतो, गाण्यातले बारकावे त्यात उतरत नाहीत. ॲरिझोना स्टेट विद्यापीठात मायकेल डॉरमन यांनी याच रुग्णांच्या मदतीने एक मोलाचे काम केले. इम्प्लांटच्या कानात जसे ऐकू येते तसाच आवाज चांगल्या कानाशी तयार करून त्यांनी तो रुग्णांकडूनच ताडून घेतला. एकाच डोक्यात दोन्ही ध्वनी शेजारी-शेजारी असल्याने त्यांची साक्ष विश्वासार्ह होती. इम्प्लांटमुळे दिशेचे ज्ञान परतते तेही मुख्यतः आवाजाच्या तीव्रतेतील फरकावरून; वेळेतला सूक्ष्म फरक यंत्र नीट पोहोचवत नाही. आणि बोलणे व गोंगाट दोन्ही समोरूनच येत असतील, तर फायदा थोडाच होतो. जुना कान परत मिळेल, असे सांगून हे यंत्र विकणारा माणूस रुग्णाची फसवणूक करतो.

सगळ्यात निर्णायक आहे तो काळ. मोठेपणी बहिरेपण आलेल्या आणि लवकर इम्प्लांट झालेल्या माणसाचा मेंदू त्या कानाची वाट विसरलेला नसतो. जन्मतः एका कानाने बहिऱ्या मुलाचा मेंदू मात्र पहिल्या काही वर्षांतच चांगल्या कानाकडे झुकतो. हॅनोव्हरचे आंद्रेई क्राल आणि टोरांटोच्या कॅरेन गॉर्डन यांच्या संशोधनाने हा झुकाव नीट दाखवून दिला आहे. अशा मुलाला उशिरा इम्प्लांट केले, तर ते यंत्र पुष्कळदा कपाटात पडून राहते. शिवाय यातल्या बऱ्याच मुलांत श्रवणाची नसच अविकसित असते, म्हणून आधी एमआरआय अटळ आहे.

म्हणूनच निकाल मोजण्याची रीतही बदलली पाहिजे. शांत खोलीतल्या आलेखावर चांगला कान आपली रेघ उत्तम उमटवतो आणि दुसऱ्याचे दुखणे झाकून टाकतो. मोजायचे ते गोंगाटातले बोलणे, तेही रुग्णाच्या मातृभाषेत, दिशा ओळखण्यातली चूक, कर्णनादाचा त्रास, आणि दिवसाकाठी यंत्र किती तास कानावर राहते ते. इम्प्लांटनंतर ऐकण्याचा सराव करतानाही मोबाइलवरचे मराठी वाचन थेट यंत्रात सोडून फक्त त्याच कानाने ऐकावे लागते. नाहीतर सगळे काम चांगला कानच उरकतो.

आपल्या कायद्याने मात्र या माणसांना हिशेबातच धरलेले नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहिरेपणाची व्याख्या दोन्ही कानांची आहे. टक्केवारी काढताना चांगल्या कानाच्या आकड्याला पाचने गुणून त्यात खराब कानाचा आकडा मिळवतात आणि सहाने भागतात. एक कान पूर्ण गेलेला माणूस या सूत्राने सुमारे 17 टक्क्यांवर थांबतो. सवलतींची अट आहे 40. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या अहवालात एका कानाच्या बहिरेपणाला वेगळा वर्ग दिला, तो आपण अजून आपलासा केलेला नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. लाखो रुपयांचे इम्प्लांट आणि तुटपुंजा निधी असताना दोन्ही कानांनी बहिऱ्या बाळाचा हक्क पहिला नाही का? निःसंशय पहिला. त्या बाळासाठी केंद्राची एडिप योजना आहे आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसारखी यंत्रणा आहे. तिच्यातून एक रुपयाही दुसरीकडे वळवू नये. पण रांगेत मागे असणे वेगळे आणि रांगेतच नसणे वेगळे. शिवाय पुष्कळ कामे इम्प्लांटच्या मानाने अगदी स्वस्त आहेत. गालगुंड हे मुलांत एका कानाच्या बहिरेपणाचे जुने कारण आहे, तरी सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची नाही. नवजात बाळाचे दोन्ही कान वेगवेगळे तपासणे, वर्गात अशा मुलाचा चांगला कान शिक्षकांकडे येईल अशी जागा देणे, टक्केवारीचे सूत्र सुधारणे, ज्यांना शस्त्रक्रिया नको त्यांना क्रॉस यंत्र वापरून पाहायला देणे, यासाठी निधीपेक्षा इच्छा लागते.

आणि वाचकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मळ किंवा सर्दी समजून थांबू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या. स्टिरॉइडच्या उपचाराचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो. 'दुसरा कान चांगला आहे' या समाधानात घालवलेले दिवस पुढे कुठलेही यंत्र भरून देत नाही.