हाती घेतलेले काम आणि न दिलेले उत्तर

घर विकत घेणारा मनुष्य इंग्लंडात जेवढा परस्वाधीन होतो तेवढा तो एरवी आजारपणातच होत असेल. घर पसंत पडले, किंमत ठरली, बँकेने कर्ज मंजूर केले, आणि मग सर्व काही एका सॉलिसिटरच्या टेबलावर जाऊन थांबते. आठवडे जातात. फोन करावा तर साहेब मीटिंगमध्ये असतात. ईमेल करावा तर उत्तर नाही, आणि आलेच तर 'प्रकरण चालू आहे' एवढेच. वाचकांपैकी अनेकांना हा अनुभव नवा नाही, म्हणून त्याचे वर्णन लांबवीत नाही. विचारायचे आहे ते असे: ही दिरंगाई म्हणजे निव्वळ गैरसोय, की तिला अन्याय म्हणावे? आणि अन्याय असेल तर ज्याच्यावर तो होतो त्याने गप्प बसावे की बोलावे?

प्रथम व्यवहाराची बाजू पाहू. इंग्लंड व वेल्समध्ये घराचा सौदा तोंडी ठरला तर कायद्यापुढे त्याला काही किंमत नाही. १९८९ च्या कायद्याप्रमाणे असा करार लेखी व दोन्ही पक्षांच्या सह्यांचा असावा लागतो. दोन्ही बाजूंच्या सॉलिसिटरांनी करारांची अदलाबदल केली, ज्याला येथे एक्स्चेंज म्हणतात, की मगच दोघे बांधले जातात. तोवर विकणारा खुशाल मागे फिरू शकतो, जास्त देणारा भेटला तर त्याला घर देऊ शकतो. याला गझम्पिंग म्हणतात, आणि हा शब्द यिद्दिश भाषेतून आला असे काही जण मानतात. खरे असल्यास आपल्या जातभाईंनी इंग्रजीला दिलेली ही देणगी फारशी अभिमानाची नव्हे. सांगायचे हे की 'ठरले' आणि 'बांधले गेले' यांच्यामधला सगळा काळ सॉलिसिटरच्या हातात असतो, आणि त्या काळात घर घेणाऱ्याचे पाय जमिनीवर टेकलेले नसतात.

मिश्नाच्या बाबा मेत्सिया भागात मजुरांविषयी एक नियम आहे. भिजत घातलेला जवस वर काढण्यासाठी मजूर लावले आणि ते ऐनवेळी निघून गेले, तर मालकाला त्यांच्या पदरी खर्च टाकून दुसरे मजूर आणण्याची मुभा आहे. कारण जवस पाण्यात राहिला तर कुजतो. जे काम थांबले की नासते, त्या कामाचा न्याय निराळा. घराचे काम असेच नासणारे आहे. कर्जमंजुरीची मुदत काही महिन्यांनी संपते. राहत्या घराची नोटीस दिलेली असते. मुलांच्या शाळेची जागा नव्या पत्त्यावर अवलंबून असते. १ एप्रिल २०२५ रोजी इंग्लंडात स्टँप ड्यूटीची मर्यादा खाली आली, तेव्हा प्रथमच घर घेणाऱ्याला ४,२५,००० पौंडांच्या घरावर एकाएकी ६,२५० पौंड भरणे आले. ३१ मार्चला व्यवहार पुरा झाला असता तर एक पेनीही लागली नसती. त्या दोन दिवसांमध्ये ज्याचा कागद कुणाच्या टेबलावर विनाकारण पडून होता, त्याला 'थोडा उशीर झाला' असे सांगणे ही क्रूर थट्टाच होय.

तरी पण सॉलिसिटरची बाजूही ऐकली पाहिजे. कौन्सिलकडून सर्चचे कागद येण्यास आठवडे लागतात. लीझहोल्ड फ्लॅट असेल तर इमारतीच्या व्यवस्थापकाकडून माहिती काढता काढता दमछाक होते. समोरच्या पक्षाचा वकील, त्याच्या पलीकडच्या घराचा वकील, अशी माळ असते, आणि तिच्यातला एक मणी अडला की सगळी माळ अडते. कमी फीमध्ये पुष्कळ प्रकरणे हाती घेतल्यावाचून कित्येकांचे ऑफिस चालत नाही, आणि ती कमी फी आपणच शोधून काढलेली असते. म्हणून उशीर झाला एवढ्यावरून कोणाला दोषी धरता येणार नाही.

परंतु उशीर आणि मौन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'कौन्सिलचे कागद आले नाहीत, पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारतो' हे लिहावयास दोन मिनिटे पुरतात. ज्याला हे कळले तो वाट पाहू शकतो. ज्याला काहीच कळत नाही त्याची ती वाट पाहणे नव्हे, ती झोप उडणे असते. तोरेत लेवीयाच्या १९ व्या अध्यायात मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवून न घेण्याची आज्ञा आहे, आणि तिला लागूनच आंधळ्याच्या वाटेत अडथळा न ठेवण्याची आज्ञा आहे. आपल्या शास्त्र्यांनी आंधळा म्हणजे त्या बाबतीत अजाण असलेला कोणीही, असा अर्थ घेतला. टायटल, सर्च, लीझ यांच्यापुढे आपण सारे आंधळे. म्हणून तर डोळस माणूस पैसे देऊन लावला.

या बाबतीत मेखिल्ता या प्राचीन ग्रंथात एक कथा आहे, ती मला सर्वांत बोचते. रोमन सत्तेने रब्बी शिमोन आणि रब्बी इश्माएल या दोघांना वधासाठी नेले. वाटेत रब्बी शिमोन व्याकुळ झाले. मृत्यूपेक्षा आपल्याला तो कोणत्या पापासाठी येत आहे हे कळत नाही याचे त्यांना दुःख होते. रब्बी इश्माएल यांनी त्यांना विचारले, तुमच्याकडे कधी कोणी न्यायासाठी किंवा काही विचारण्यासाठी आला असता, हातातला पेला संपेपर्यंत, वहाणेचा बंद बांधेपर्यंत किंवा अंगावर वस्त्र घेईपर्यंत तुम्ही त्याला थांबविले होते काय? विधवा व अनाथ यांना पीडा देऊ नये अशी आज्ञा आहे, आणि पीडा मोठी असो वा लहान, आज्ञा तीच. हे ऐकून रब्बी शिमोन म्हणाले की तुम्ही माझे सांत्वन केलेत.

आजच्या वाचकाला हे अतिशयोक्तीचे वाटेल. पेला संपवण्याइतक्या उशिरासाठी एवढी शिक्षा? पण कथा शिक्षेचे माप सांगत नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाचे एक मिनिट आणि आत बसलेल्याचे एक मिनिट सारखे नसते, हे ती सांगते. आतला मनुष्य चहा पीत असतो. बाहेरचा, आपले काय होणार हे मोजीत असतो. रब्बी शिमोन यांनी ते ऐकून वाद घातला नाही, यातच त्यांचे मोठेपण दिसते.

जुन्या काळी घराजमिनीचा व्यवहार गावाच्या वेशीत, सर्वांसमोर होत असे. अब्राहामाने माखपेलाची गुहा चारशे शेकेलला घेतली ती नगराच्या वेशीत, लोकांच्या देखत. बवाजाने वेशीत दहा वडीलधारे बसवून रूथ व नामी यांचे प्रकरण एकाच दिवशी मिटविले. आणि तो काम पुरे केल्यावाचून स्वस्थ बसणार नाही, असा भरवसा नामीने रूथला आदल्या रात्रीनंतर दिला होता. यिर्मया तर कैदेत होता, यरुशलेमला वेढा पडला होता, तरी त्याने अनाथोथचे शेत सतरा शेकेलला घेतले, साक्षीदारांसमोर सही व मोहोर केली, आणि कागद मातीच्या भांड्यात ठेवण्यासाठी बारूखाच्या हवाली केला. बारूखाला आपण त्या व्यवहाराचा सॉलिसिटर म्हणू शकतो. शहर पडत असताना त्याच्या हाती कागद देऊन यिर्मया प्रार्थनेला लागला. हाती घेतलेले काम दूत पार पाडतो असे गृहीत धरावे, हे तालमूदातील तत्त्वही तेच सांगते. पण जो विश्वास टाकतो त्याचे हात त्यामुळे बांधले जातात. हा दूत बसून राहणार हे माहीत असते तर त्याने दुसरा पाहिला असता.

कोकणात आपल्या आजोबांना सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालावे लागत. तेथेही 'उद्या या' होतेच. परंतु तेथे निदान ओट्यावर जाऊन बसता येत होते, तलाठ्याच्या डोळ्यांसमोर. येथे सॉलिसिटर दुसऱ्याच गावात असतो, कित्येकदा त्याचे तोंडही आपण पाहिलेले नसते. वेस नाहीशी झाली आहे, आणि म्हणूनच पत्राला उत्तर देण्याचे कर्तव्य पूर्वीपेक्षा जड झाले आहे.

आता दुसरा प्रश्न. आपल्या लोकांचा स्वभाव 'जाऊ दे' म्हणण्याचा. परक्या देशात कटकट नको, मोठ्या माणसाला कसे बोलावे, उगाच रागावला तर कागद आणखी मागे टाकील, असे विचार मनात येतात. मग मनुष्य ऑफिसला काही लिहीत नाही, पण शब्बाथला सिनेगॉगमधून बाहेर पडताना दहा जणांना त्याचे नाव सांगतो. हे दोन्हीकडून चुकते असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच लेवीयाच्या १९ व्या अध्यायात बंधूचा मनात द्वेष धरू नये, त्याला तोंडावर बोल लावावा, अशी आज्ञा आहे. तक्रार करणे म्हणजे भांडण नव्हे. मनातल्या मनात शिव्या देण्यापेक्षा आणि पाठीमागे नाव बद्दू करण्यापेक्षा ती अधिक स्नेहाची गोष्ट आहे, कारण ती समोरच्याला सुधारण्याची संधी देते.

ती करावी कशी, हेही सांगतो. आधी सौम्य पत्र: कोणता कागद कोणाकडून यायचा आहे आणि तो शेवटचा केव्हा मागितला, एवढे दोनच प्रश्न. उत्तर न आल्यास त्याच ऑफिसकडे रीतसर लेखी तक्रार. प्रत्येक ऑफिसला तक्रारीची पद्धत ठेवावी लागते. आठ आठवड्यांत समाधान न झाल्यास इंग्लंड व वेल्समध्ये लीगल ऑम्बुड्समनकडे जाता येते. ही संस्था २०१० मध्ये सुरू झाली, तिच्याकडे जाण्यास ग्राहकाला फी पडत नाही, आणि विलंब व उत्तर न देणे हे तिच्या कक्षेतलेच विषय आहेत. अप्रामाणिकपणाचा संशय असेल तर मात्र सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी. सॉलिसिटर बदलताही येतो, पण झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात आणि नवा माणूस फाइल पुन्हा पहिल्या पानापासून वाचतो, म्हणून व्यवहाराच्या शेवटी हा उपाय बहुधा महाग पडतो. आणि पत्रात खोटी धमकी नसावी, फोन उचलणाऱ्या मुलीवर राग काढू नये. ती बिचारी निरोप्या आहे.

आपल्यातलाच कोणी उद्या सॉलिसिटर होईल, कोणी दवाखान्यात, कोणी कौन्सिलच्या खिडकीत बसेल. त्यांच्या टेबलावरही कोणाचे तरी कागद येतील. रब्बी इश्माएल यांचा प्रश्न त्यांच्यासाठीही आहे.

जाता जाता एक व्यावहारिक गोष्ट. कंप्लीशनसाठी येथे शुक्रवार फार मागितला जातो. बँकेचे पैसे पोहोचेपर्यंत दुपार होते, मगच किल्ल्या मिळतात, आणि डिसेंबरात लंडनला शब्बाथ चार वाजण्यापूर्वीच सुरू होतो. सामान गाडीत, मेणबत्त्या खोक्यात, नव्या दाराला मेझूझा नाही, आणि सॉलिसिटरचा फोन लागत नाही. असा शब्बाथ नको असेल तर मंगळवार किंवा बुधवार मागावा, आणि तो पहिल्याच पत्रात लिहावा.