पडीक जागेचा उत्सर्ग

शहरातली एखादी पडीक जागा वस्तीतल्या लोकांनी मिळून साफ करायची आणि तिथे मनाने खचलेल्या, लांबच्या दुखण्यातून उठलेल्या, म्हातारपणी एकट्या पडलेल्या माणसांसाठी उपचारबाग उभी करायची, हे काम आपण सहसा समाजसेवेच्या नाहीतर पर्यावरणाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. माझ्या मते ते धर्माच्या खात्यातले आहे. आपल्या धर्मशास्त्राने यज्ञयागादी कर्मांना ‘इष्ट’ म्हटले आणि विहिरी, तळी, अन्नदान, बागा अशा लोकोपयोगी कामांना ‘पूर्त’. वैदिक कर्माचा अधिकार ज्यांना नाकारला, त्या शूद्रांनाही पूर्ताचा अधिकार स्मृतींनी मान्य केला. नाकारण्यातला अन्याय उघड आहे. पण पूर्ताचे दार सर्वांना खुले होते, हेही तितकेच खरे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या विषयाची सविस्तर चर्चा केली आहे. तिच्यातला दान आणि उत्सर्ग यांमधला भेद मला फार मोलाचा वाटतो. दानाला घेणारा लागतो. एकाने द्यायचे, दुसऱ्याने स्वीकारायचे. तळे किंवा बाग यांचा उत्सर्ग होतो तेव्हा समोर घेणारा कोणीच नसतो. मालक आपला हक्क सोडतो आणि ती वस्तू सर्व प्राणिमात्रांची होते. म्हणूनच त्या तळ्याचे पाणी पुढे त्यालाही पिता येते, पण इतरांसारखाच एक म्हणून.

उपचारबागेचे मर्म मला याच भेदात दिसते. आजारी माणूस महिनोन्महिने घेणाराच असतो: औषध घ्यायचे, सल्ला घ्यायचा, घरच्यांची मदत घ्यायची आणि तिच्यासोबत त्यांची कीवही. बागेत ही भूमिका सुटते. वाफा कंबरेइतका उंच बांधला, तर चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही त्यात हात घालता येतो. गवती चहाचे पाते चुरगाळून नाकाशी धरावे, पुदिन्याची फांदी दुसऱ्या कुंडीत खोचावी, सुकलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या चोळून बी पेरावे, एवढी कामे थरथरत्या हातांनाही जमतात. ज्याची सगळे काळजी घेत होते, त्याच्यावर आता दुसऱ्या कशाची तरी काळजी येते. ही काळजी उपकाराची परतफेड नसते, कारण बाग कोणी त्याला दान दिलेली नसते.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सगळे भावनेचे बोलणे झाले. झाडांनी आजार बरे होत नाहीत. बाग ही डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही, हे मान्यच. पण तिचा परिणाम मोजला गेलेला आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ५४१ उजाड भूखंडांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी भूखंडांची वाटणी केली: काहींवर कचरा काढून गवत व थोडी झाडे लावली, काहींचा नुसता कचरा उचलला, काहींना हातच लावला नाही. हिरव्या केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये खिन्न वाटण्याचे प्रमाण हात न लावलेल्या भूखंडांच्या तुलनेत सुमारे ४१ टक्क्यांनी घटले, आणि गरीब वस्त्यांत ही घट ६८ टक्क्यांच्या वर गेली. नुसता कचरा उचलण्याने मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आता कोणी म्हणेल, तिथे लावणी ठेकेदारांनी केली, रहिवाशांनी नव्हे. मग उत्सर्गाचा संबंध काय? हिरवळ स्वतःच काही काम करते, हे यातून दिसतेच. पण त्या भूखंडांना बुटके लाकडी कुंपण होते, आत जायला वाट मोकळी होती आणि निगा नियमित राखली जात होती. जागा कोणीतरी सांभाळते आहे आणि तरी ती आपल्याला बंद नाही, हे शेजाऱ्यांना रोज दिसत होते. उत्सर्ग म्हणजे तरी याहून वेगळे काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जिथे माणसांना डोक्यावर छप्पर नाही तिथे बागेची चैन कशाला? मुंबईत हा प्रश्न टाळता येत नाही आणि टाळूही नये. पण धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, जिथे एके काळी शहराचा कचरा टाकला जाई तिथेच आज सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे आहे. ते १९९४ साली लोकांसाठी खुले झाले. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा जण राहतात, तेव्हा एकांत, सावली आणि मोकळा श्वास घराबाहेरच शोधावा लागतो. घर आणि बाग यांत एकच निवडा, असे श्रीमंत वस्तीला कोणी सांगत नाही. खरा धोका वेगळाच आहे. बाग झाली की आसपासची भाडी चढतात आणि जिच्यासाठी बाग केली तीच वस्ती उठते. म्हणून जागेचा हक्क आधी कागदोपत्री वस्तीच्या नावे बांधून घ्यावा, मग कुदळ मारावी. शिवाय मातीही तपासून घ्यावी. राडारोड्याच्या जमिनीत शिसे असू शकते. अशा ठिकाणी वर स्वच्छ मातीचे वाफे करावेत आणि तपासणी होईपर्यंत पालेभाजी लावू नये.

उरतो तो श्रद्धावंतांचा आक्षेप: यात देव कुठे आहे? वारकरी परंपरेने याचे उत्तर अरणच्या सावता माळ्यांच्या रूपाने दिलेले आहे. मळ्याचे काम हीच त्यांची पूजा होती, आणि विठ्ठल त्यांच्या भेटीला मळ्यात आला असे वारकरी मानतात. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती, जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्याची नोंद आहे. ती त्याने धर्माच्याच लेखांत कोरली. आपल्याकडे मोकळ्या भूखंडावर रातोरात एखादे देऊळ उभे राहते आणि जागा एका मंडळाच्या ताब्यात जाते. पूर्तधर्माच्या कसोटीवर ते उतरत नाही, कारण तिथे हक्क सोडलेला नसतो, मिळवलेला असतो. देवस्थानांच्या विश्वस्तांना आणि गणेश मंडळांना माझी विनंती आहे: यंदाच्या वर्गणीतला काही भाग जवळच्या एका पडीक जागेसाठी काढा, महापालिकेकडून तिची रीतसर परवानगी घ्या, आणि बाग झाली की तिच्या फाटकावर देणाऱ्याच्या नावाची पाटी लावू नका.